वारा, बेकरीवाल्याची पाठ आणि पाच फेऱ्या

चिरंजीव धाकट्यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आणि तुझ्या बायकोचा खोकला यांना उतार पडला असेल, असे गृहीत धरून पुढे जाते.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. माझ्या जिन्याखाली ठेवलेली तुझी शर्यतीची सायकल परत नेण्यासाठी येत्या रविवारी टेम्पो पाठवण्याचे तुला कोणतेही कारण उरलेले नाही.

तुझा युक्तिवाद असा होता : गोल मार्गावर वारा एका बाजूला जितका अडवतो तितकाच दुसऱ्या बाजूला ढकलतो, आणि तो सर्वांना सारखाच लागतो, म्हणून वारा वजा करावा. मग उरते वय. तेव्हा ताई, सदुसष्टाव्या वर्षी पहिल्या तिघांत आलीस तर सायकल तुझी, नाहीतर टेम्पो. (निष्कर्ष आधी ठरवून विधाने मागाहून गोळा करण्याची तुझी सवय शाळेपासूनची आहे. आईने ती वेळीच मोडायला हवी होती.)

धान्याच्या गोदामांभोवतीचा रस्ता शर्यतीच्या सकाळी वाहनांना बंद होता. फेऱ्या पाच, आणि आम्ही साठीपुढचे सात जण. नोंदणीच्या कागदांवर वजन म्हणून सायकलचा पंप ठेवला होता, तो कागदांसकट गेला. तुझे भावोजी टोपी सावरायला गेले आणि चष्मा घालवून बसले. तुझे पहिले विधान पहिल्याच फेरीत कोसळले. गोदामांच्या मागे वारा समोरून येतो आणि तिथे आपण हळू जात असल्यामुळे तो फार वेळ सोसावा लागतो. पुढच्या बाजूला तो पाठीशी असतो, पण ती बाजू बघता बघता संपते. त्रास सावकाश भोगायचा आणि मदत घाईघाईने घ्यायची, यात वजाबाकी कुठे बसते ते मला दाखव.

वारा सर्वांना सारखाच लागतो, हे दुसरे विधान आमच्या सातांतल्या बेकरीवाल्याने मोडले. त्याची पाठ तू पाहिलेली नाहीस. त्या पाठीमागे वारा नसतोच. पावाचा मंद वास तेवढा असतो. दुसऱ्या फेरीपासून मी तिथेच मुक्काम केला. तिसऱ्या फेरीत तो मान न वळवता म्हणाला, "बाई, किती वेळ मागे? जरा पुढे या की." मी म्हटले, "आधी तुमचं म्हणणं पूर्ण होऊ द्या." चौथ्या फेरीत वारा पाठीशी येताच मी त्याच्या आडून बाहेर पडले आणि रेषा सर्वांआधी ओलांडली.

पाचव्या फेरीच्या आरंभी मी बेकरीवाला आणि दातांचे डॉक्टर या दोघांच्या बरीच मागे होते. (कारण प्रस्तुत मुद्द्याशी संबंधित नाही.) गोदामांमागे दोघांनाही पुढे व्हायचे नव्हते. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे येत असल्याने मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"डॉक्टर, आता तुम्ही व्हा पुढे."

"छे छे, तुम्ही थोरले."

"थोरला कसला, दोन महिन्यांनी."

हा आग्रह चालत्या माणसाच्या वेगाने चालला होता. मी हँडलवर छाती टेकवून अंतर तोडले, वळणावर दोघांच्या मधून गेले आणि पाठीशी आलेला वारा या वेळी पुरता वसूल केला. दीड चाकाच्या फरकाने पहिली. निकालपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. तेव्हा सायकल जिन्याखालीच राहील. घरातल्या सर्वांना यथायोग्य.

तुझी,
ताई

ता. क. : निकाल ऐकत असताना भिंतीला टेकवलेली सायकल वाऱ्याने पाडली आणि पुढचे चाक वाकले. टेम्पो रद्द करू नकोस. तुझ्या माळ्यावरचे जुने चाक त्यातून पाठव.

आणखी एक : हे मी लिहिले नाही तर भावोजी फोनवर सांगणार आहेत, आणि त्यांची सांगण्याची पद्धत मला माहीत आहे. चौथी फेरी संपताना घंटा वाजली. चौतीस वर्षे मी घंटेला तास संपवत आले. मी उतरले, खुर्ची ओढून बसले, थर्मास उघडला आणि शेजारून सुसाट निघालेल्या बेकरीवाल्याला व डॉक्टरांना म्हटले, "घंटा झाली, आता पळापळ कशाला?" तेव्हा भावोजी म्हणाले, "अगं, ती शेवटच्या फेरीची घंटा आहे." शेवटची फेरी आणि शेवट यांत मी फरक केला नाही. चूक माझी, मान्य आहे. मात्र ओतलेला चहा संपवूनच निघाले, ती चूक धरू नये.

(सही) ताई,
तर्कशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका