चार नंबरचं वजन

॥ श्री ॥

शेलूबाजार,
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

चि. स्नेहास आत्याचे आशीर्वाद.

आम्ही इकडे देवाच्या दयेनं आहोत. दादा-वहिनींना नमस्कार सांग. होस्टेलचं जेवण अंगी लागते का, ते लिही. वाफ्यात मेथी चांगली उगवली, पालक पंधरा दिवसांत निघेल.

पत्र पाहून हसशील. पण फोनवर तू आधी वजन विचारतेस, मग बाकीचं राहूनच जाते.

तुझ्या कॉलेजच्या प्रकल्पात दहा बायका, त्यात चौथी मी. जुलैत ७१ किलो, काल ६२. वांग्याचं पोतं ज्या काट्यावर चढते त्यावरच मी चढते, अन् दर रविवारी वहीत लिहिते. आकडा खोटा नाही. तुझ्या मॅडमनी कौतुकानं विचारलं म्हणे, ही चार नंबरची बाई कोण? त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला.

तुझ्या त्या चूर्णाच्या डब्यावर माझा पहिल्यापासून भरवसा नव्हता. कुठल्याशा चिकोरीच्या मुळातला तंतू, पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य! तेव्हाच मी म्हटलं होतं, "काव पोरी, जंत झाले की गोळी देऊन मारतो आपण, अन् हे पोसाचे?"

तू म्हणालीस, "आत्या, जंत नोहेत ते. कांद्या-लसणातबी हाच तंतू असते. जिवाणू तो खातात, आपली भूक आवरते."

"मंग कांदाच खा म्हण ना. डब्बा कायले?"

"खातं का तू चातुर्मासात कांदा?"

कांद्याचं तुझं खरं. पण माझ्या नेमात कांदा, लसूण, वांगं तर नाहीच, जमिनीखाली वाढलेलं कंदमूळही नाही. सासूबाईंपासूनचा नेम आहे तो. मग मुळाचं चूर्ण कसं चालेल? तुला सांगितलं असतं तर तुझ्या दहा बायका पुऱ्या झाल्या नसत्या. म्हणून डब्बा घेतला अन् फळीवर ठेवला. एक चमचाही खाल्ला नाही, स्नेहा. "घेते, घेते" म्हणत होते ते खोटं.

तरी वजन उतरू लागलं. पहिला संशय घरातच गेला, सुनेवर. सकाळचं ताक मला रुचिकाच देते. तुमचं दोघींचं फोनवर खुसुखुसु चालू असते. मला वाटलं, ही ताकात कालवून देऊन राह्यली अन् माझा नेम मोडून राह्यली. डब्याच्या झाकणाच्या सांध्यावर मी कुंकवाचं बोट ओढून ठेवलं. उघडलं तर पुसलं जाईल. तेवढ्यानंही समाधान होईना, तर महिनाभर ताक स्वतःच घुसळून प्याले.

तिनं विचारलं, "आई, माह्या हातचं काहून घेत नाही तुमी?"

"आंबट राह्यते," म्हटलं मी. तिचं तोंड एवढंसं झालं. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

काल डब्बा काढला. कुंकू जसंच्या तसं. आत चूर्ण काठापर्यंत. अन् त्याच महिन्यात माझं वजन आणखी चार किलो गेलं.

शेजारची चतुराबाई म्हणते, "सुचिता, जवान होऊन राह्यली व! मले बी मागव तो डब्बा." सगळ्या हसतात, मीही हसते. तूच सांगितलं होतं, तंतूनं तीन महिन्यांत किलो-दीड किलो उतरलं तरी पुष्कळ. मग हे नऊ कशानं? भूक आवरली म्हणशील, तर ती दुप्पट झाली आहे. तांब्याभर पाणी पिते अन् घसा कोरडाच. बांगड्या कोपराकडे धावतात.

तुझी आजी शेवटच्या वर्षी अशीच हलकी झाली होती. लोक तिलाही म्हणायचे, आवडाबाई, छान बारीक झाल्या. पायाची जखम मागून आली. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. मला पट्टी बदलताना यायचा तो वासही आठवते.

माझा नंबर खोडून टाक. मॅडमना सांग, बाई खोटं बोलली. तुझा तंतू खरा की खोटा, ते बाकीच्या नऊ जणी सांगतील. माझं यश त्याच्या पदरात घालू नको, अन् चतुराबाईला डब्बा पाठवू नको. तिचं पाहून उद्या आणखी चार जणी मागतील.

शनिवारी ये. वाशिमला रक्तातली साखर तपासायला घेऊन चल. एकटीनं जायचा धीर होत नाही. घरी यांच्यापुढं, पोटच्या करणपुढं शब्द फुटत नाही, अन् रुचिकापुढं तर तोंड उचलायची सोय मीच ठेवली नाही.

पोस्टाकडे आता तीच चालली आहे. पत्र तिच्या हाती देते. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही.

तुझी भ्यालेली आत्या,
सुचिता