नऊपैकी नऊ

३ जून
प्रोबेशनचे एकवीस दिवस उरले. चोवीसला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मी पर्मनंट. घरातली पहिली ग्रॅज्युएट! बाबांनी वर्कशॉपमध्ये आधीच सांगून टाकलंय.
आज रक्ताचे थेंब मोजून घ्यायचं पिपेट दाबताना उजवा अंगठा सांध्यातून सटकला. टेबलाखाली नेऊन बसवला. हा आजार नव्हे, सवय आहे.
संकल्प: रोज अर्धा तास स्ट्रेचिंग. जितकं अंग लवचीक, तितकं मजबूत.

७ जून
पाचवा दिवस. दोन्ही पाय सरळ रेषेत पसरतात. आई म्हणाली, अगं, आत हाडं आहेत ना, की नुसतीच मळलेली कणीक? दुर्लक्ष केलं.
जिन्यात घोटा मुरगळला. जिना चुकीचा बांधलाय.

११ जून
वरच्या फळीवरून ट्रे काढताना खांदा निसटला. रक्ताच्या बारा नळ्या. ट्रे पोटाने कपाटाला दाबून धरला. अकरा वाचल्या. बारावी एका आजींची. त्यांना पुन्हा सुई टोचावी लागली. माझाच हात थोपटत म्हणाल्या, होतं गं, रडू नकोस. मी रडत नव्हतेच.
सीनिअर मॅडमनी विचारलं, खांदा दुखतो का? मी म्हणाले, ट्रे निसरडा होता.

१४ जून
मेडिकलचा फॉर्म. 'सांधे निखळतात का?' 'नाही' लिहिलं. खोटं नाही. निखळतात, पण लगेच परत बसतात. प्रश्नच अपुरा आहे.

१७ जून
मेडिकल. करंगळ्या मागे वळवा, अंगठे मनगटाला टेकवा, कोपर, गुडघे उलटे मागे वाकवा, वाकून तळवे जमिनीला. डॉक्टर प्रत्येकाला मार्क देत होते. नऊपैकी नऊ! बी.एस्सी.लासुद्धा असं घडलं नव्हतं. ते पुरे, पुरे म्हणत होते, तरी करंगळी पुन्हा करून दाखवली. हसले नाहीत. कडक परीक्षक. स्पेशालिस्टसाठी चिठ्ठी दिली. त्यांनाही बघायचं असणार.
बाबांनी मार्क वर्कशॉपभर सांगितले.

२० जून
स्पेशालिस्ट बाई म्हणाल्या, जितके मार्क जास्त, तितके सांधे सैल. सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंधच जन्मापासून ढिले. अंगठा, खांदा, घोटा, सगळ्याचं मूळ एकच. स्ट्रेचिंग कुणी सांगितलं? मीच, मी म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. आजपासून ते बंद. अंगठ्याला पट्टा, ताकदीचे व्यायाम. रिपोर्ट लॅबला जाणार.
संकल्प: मॅडमना आधी मीच सांगायचं. उद्या.

२१ जून
मॅडम बिझी होत्या.

२२ जून
मी बिझी होते.

२४ जून
मॅडमच्या टेबलावर माझा फॉर्म आणि रिपोर्ट, शेजारी शेजारी. म्हणाल्या, यातलं खरं कोणतं? रिपोर्ट, मी म्हणाले. त्या म्हणाल्या, सांधे सैल आहेत एवढंच असतं, तर अंगठ्यावर जोर न येणारं बटणाचं पिपेट मागवलं असतं, ट्रे खाली ठेवले असते. पण इथे 'नाही' लिहिणारीच्या हातात लोकांचं रक्त कसं देऊ?
प्रोबेशन तीन महिने वाढलं. तोवर काउंटरवर बसायचं.
बाबांना सांगितलं, ते मार्क चांगले नव्हते, जास्त होते.  ते म्हणाले, एवढं काय मनाला लावून घेतेस? पुढच्या खेपेला कमी पाड.