फेस नसलेला कोला

२ सप्टेंबर १९८४, रविवार

देवराम येऊन गेला. सातपूरच्या कारखान्यात आमच्या धाकट्या वाल्मीकच्या शेजारच्या मशीनवर असायचा. कंपनीनं सहा महिने जर्मनीला पाठवलं होतं, परवा परतला. "दादा, ही तिकडची गंमत. चावायचं बरं का, लगेच गिळायचं नाही!"

पुडीत बोटाच्या पेराएवढ्या तपकिरी गोळ्या. प्रत्येकीचा आकार कोलाच्या बाटलीचा. उजेडात धरली तर आरपार दिसतं. गोळी कसली — मऊ रबर! दाताखाली दबते, तुटत नाही. दात उचलला की पुन्हा फुगते. आधी आंबट. मग तीच चव. फक्त फेस नाही, गारवा नाही. घशाला काहीच पोचत नाही.

अर्धी खाल्ली. उरलेली रुमालात थुंकली.

४ सप्टेंबर

दाढेत कण अडकलाय असं दोन दिवस वाटतंय. आरशात पाहिलं. नाहीये.

९ सप्टेंबर, रविवार

लिहूनच टाकतो. सात वर्षं हे या वह्यांत आलेलं नाही.

एप्रिल ७७. धाकटा भाऊ वाल्मीक, वय एकोणतीस, दोन्ही किडन्या निकामी. डॉक्टरांनी बजावलेलं — दिवसाला तीन कप पाणी, थेंब जास्त नाही. कप मी भरायचो. कपावर निळ्या शाईनं खूण केली होती. तो ओठ चाटायचा आणि माझ्या हाताकडे बघायचा. शेवटच्या आठवड्यात एकच धोशा — "दादा, एक कोला आण ना. गार. एकच." मी म्हणालो, "बरा झालास की दोन आणीन." बरा होणार नाही हे मला माहीत होतं. मग असं का म्हणालो? त्याला जपत होतो, की माझ्या हातून चूक होऊ नये एवढंच बघत होतो?

दहाव्याला गोदाकाठी कावळा पिंडाला शिवेना. तास झाला, दीड तास झाला. समोर पिंपळावर कावळेच कावळे. मामा हात जोडून म्हणत होते, "वाल्मीक, आईला आम्ही सांभाळू बाबा, शिव आता." भटजी म्हणाले, "काय इच्छा राहिली, कुणाला ठाऊक असेल तर बोला." मला ठाऊक होतं! पण चारचौघांत, बीएस्सी झालेला मास्तर, कावळ्याला कोला कबूल करणार? गप्प राहिलो. शेवटी दर्भाचा कावळा करून लावला.

त्याच वर्षी सरकारशी बिनसून ती परदेशी कोला कंपनी देशातून गेली. कबूल केला असता तरी पुढे कुठून आणला असता, अशी मनाची समजूत घालत आलो. समजूत पटत नाही.

१८ सप्टेंबर

पितृपक्षातली वाल्मीकची तिथी. आईनं पान वाढलं — खीर, वडे, भात. मी गच्चीवर नेलं. कडेला हळूच दोन गोळ्या ठेवल्या. एका कावळ्यानं एक उचलली. ताणली गेली, चोचीला चिकटली. मान झटकून झटकून त्यानं ती कठड्यावर टाकली आणि वडा घेऊन गेला.

मागे आई उभी. "पानात काय ठिवलं रे?"

"देवरामनं आणलेली गोळी."

"दे मला एक." दात नाहीत तिला. गालात धरून चघळत राहिली. "रबर हाय का काय!" मग चघळणं थांबलं. "हे तर त्या बाटलीवानी लागतंय."

आणि भराभर खाली निघून गेली.

आमच्या घरात कोला कधी आला नाही. हॉटेलात तिनं पाऊल टाकलेलं नाही. तिला ही चव कुठून ठाऊक?

१९ सप्टेंबर

विचारलं. मेथी निवडता निवडता सांगितलं तिनं, मान वर न करता.

"म्या पाजली व्हती, शेजारच्या पोराकडनं बाटली मागवून. आदल्या दिशी, तू शाळंत पेपर तपासाया गेला तवा. गटागटा प्याला रे! लय हसला. दोन घोट ऱ्हायले, ते म्या पिले, टाकायचे कसे? म्हनला, दादाला सांगू नको, त्याला वाईट वाटंल. अन् सकाळी गेला. माझ्याच हातानं गेला."

मी समजत होतो तो तहानलेला गेला, माझ्यामुळे. ती समजत होती बाटलीनं गेला, तिच्यामुळे. सात वर्षं, एकाच घरात.

तो प्याला होता! — आधी मला हायसं वाटलं. हे लिहायला हवं. आधी हायसं वाटलं, मग तिच्याकडे पाहिलं.

२० सप्टेंबर

आईला खोटं सांगितलं. म्हणालो, डॉक्टर मला तेव्हाच बाजूला घेऊन म्हणाले होते — आता हातात काही नाही, मागेल ते द्या. एका बाटलीनं काही झालं नसणार.

तिनं पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली,

"मंग तू का नाय दिलीस त्याला?"