शार्का कुठेच नाही

४ मे, सकाळी ७.४०
आजपासून रोजनिशी. इन्स्टिट्यूटमध्ये बोलण्याच्या लायकीचं माणूस नाही.
प्रोब तयार! सबंध सर्बियाच्या प्लमच्या बागा खाणारा शार्काचा विषाणू आता माझ्या हातून सुटत नाही. त्याच्या आरएनएतला चोवीस अक्षरांचा तुकडा निवडला आणि ऑर्डरच्या फॉर्मवर तसाच्या तसा उतरवला. पानाच्या अर्कात विषाणू असेल तर प्रोब त्याला चिकटून हिरवा उजळणार. नसेल तर अंधार.
देसांकाबाई, आमच्या टेक्निशियन, तीस वर्षं तोच निळा स्वेटर. फॉर्म बघून विचारतात, "डॉक्टर, उलटवून घेतलंत ना?" मला! पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवतो की बटणाला बटण लागत नाही, बटणाला काज लागतं. प्रोब विषाणूचा जोडीदार हवा, जुळा भाऊ नको. त्यांना सांगितलं, तुम्ही टेस्ट ट्यूब धुवा.
संकल्प: रागवायचं नाही. रक्तदाब.

२२ मे
कस्टमवाल्यांनी नऊ दिवस अडवलेला प्रोब आला. गाढवं.
काल सासुरवाडीला. सासऱ्यांच्या बागेच्या कोपऱ्यातलं जुनं झाड, त्याच्या प्लमांच्या दारूचं, राकियाचं, नाव चार गावांत. पानांवर शार्काचे असतात तसे फिकट गोल दिसतायत म्हणाले. कुऱ्हाड भिंतीला लावून ठेवली होती. मी अडवलं. डोळ्यांनी बघून झाडं तोडायचे दिवस गेले, बाबा. पानं घेऊन आलो.

२ जून
सासऱ्यांचं झाड: अंधार. निरोगी. फोनवरच कळवलं.
एकच कटकट. पडताळ्याला म्हणून एका नक्की आजारी झाडाचं पान ठेवलं होतं, तेही अंधारात. म्हणजे देसांकाबाईंनी चुकीच्या झाडाचं पान तोडून आणलं. झाप झाप झापलं.

६ जून
दुसरं आजारी पान. अंधार. तिसरं. अंधार. फ्रीज बिघडलाय. यंत्रातला दिवा बिघडलाय. संचालकांना तीन पानी तक्रार.
देसांकाबाई म्हणाल्या, पानं सोडा, प्रोब बघा. आता आठवडाभर अबोला. लहान तोंडी मोठा घास.

९ जून
उपाय सापडला. आजारी पान चाचणीतून काढून टाकलं. उगाच गोंधळ घालत होतं. त्यानंतर सगळे निकाल एकसारखे, स्वच्छ.

३० जून
जिल्ह्यातून दोनशे पानं तपासली. शार्का कुठेच नाही. आपल्याकडचा रोग ओसरत चालला असावा आणि ते पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. पेपर लिहायला घेतला.
अबोला मी मोडला. देसांकाबाईंनी अजून मोडलेला नाही.

९ ऑगस्ट
सासऱ्यांचा फोन. त्या झाडाचे डोळे काढून रोपांवर भरू का? शेजारी मागतायत. बिनधास्त भरा म्हटलं. चाळीस रोपं करतायत. बायको, रुझित्सा, तीनदा विचारते, नक्की ना? तुझा नवरा डॉक्टर आहे की न्हावी, असं विचारून भांडण संपवलं. जेवण मिळालं नाही.

१६ नोव्हेंबर
स्लावा, म्हणजे सासरच्या घराण्याच्या संताचा सण. स्लावाची मेणबत्ती, उकडलेला गहू, भाजलेलं डुक्कर, सगळं गाव टेबलाभोवती. मी ग्लास उंचावून त्या झाडाची जाहीर हमी दिली. चाळीसच्या चाळीस रोपं तिथल्या तिथे नोंदवली गेली. शेजारच्या ग्वोझ्देनची अख्खी बाग शार्काने गेलेली, त्यानेच दहा मागितली. माझा हात धरून रडला.
सासरे माझ्या ग्लासात ओतत राहिले. त्यांना नवा चष्मा लागलाय. वय झालं.

११ मे
रुझित्साने माहेराहून फोटो पाठवला. रोपांच्या कोवळ्या पानांवर फिकट गोल. चाळीसही रोपांवर. औषध जास्त फवारलं असणार. नाहीतर ऊन. गावातल्या लोकांना कशातलं काही कळत नाही.

१३ मे, सकाळी १०
पेपर परत. परीक्षकाची एकच ओळ: प्रोबचा क्रम विषाणूच्या क्रमाशी हुबेहूब जुळतो, लेखकाची टायपिंगची चूक असावी. कोण हा शहाणा? संपादकांना खरमरीत पत्र लिहिणार.

दुपारी १२
पत्रासाठी जुना फॉर्म काढला. एकेक अक्षर लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. चोवीसच्या चोवीस. बटणाला बटण.
हा प्रोब जन्मात कधीही उजळला नसता. खोलीचं दार लावून घेतलं.

१४ मे
सासुरवाडीला गेलो. रोपं उपटून ढीग पेटवलेला. कोपऱ्यातलं झाडही आडवं. कुंपणाशी ग्वोझ्देन उभा होता, मला बघून आत गेला.
मी कस्टमपासून सुरुवात केली. मग फ्रीज. मग दिवा. सासरे काटकीने ढीग ढोसत होते. शेवटी म्हटलं, बाबा, चूक माझी.
ते म्हणाले, "गोल मला गेल्या मे महिन्यातच दिसले होते रे. पण जावई नाही म्हणाला. म्हटलं माझेच डोळे गेले असतील. म्हणून तर चष्मा केला."
चष्मा काढून पुसला आणि खिशात ठेवला. मला खूप रडू आलं. धुराचं नव्हतं.

१५ मे
नवा प्रोब लिहिला. शांतपणे, एकेक अक्षर, जोडीदार काढून. ऑर्डर देण्याआधी देसांकाबाईंपुढे ठेवला आणि म्हटलं, कृपा करून बघा.
त्यांनी पेन्सिल घेतली, एक लांब बाण काढला आणि कागद परत दिला. अक्षरं बदलली होती, पण ती शेवटाकडून सुरुवातीला लिहायची असतात. दिशा उलटवायची राहिली होती.
दुपारपासून टेस्ट ट्यूब मी धुतोय.