दुसरं जोडपं

अगं,

भाजी चिरून ठेवली आहे, फोडणी तेवढी दे. पुढचं मात्र बसून वाच. ‘मी’ लिहायला हात धजत नाही, म्हणून गोष्टच सांगतो.

एक होता तुझा नवरा. थीम पार्कच्या ऑफर बघून त्याचे डोळे पांढरे झाले. एकीत जेवण फुकट, पण पाळण्यांचं तिकीट वेगळं. दुसरीत पाळणे फुकट, पण खोली सोन्याच्या भावात. शेवटी ‘दोन जोडपी’ नावाचं पॅकेज सापडलं, सगळ्यांत स्वस्त. पहिलं जोडपं आपण. दुसऱ्या जागी त्या शहाण्याने त्याचे बाबा आणि तुझी आई अशी नावं भरली. टीव्हीच्या रिमोटवरून दोघांनी धरलेला अबोला सुटावा, म्हणूनच तर ही सहल!

आज पार्कवाल्यांचा फोन बाबांनी उचलला. “अभिनंदन! तुमच्या दोघांच्या खोलीत गुलाबाच्या पाकळ्या पसरायच्या की फुगे लावायचे?” बाबांनी मुकाट्याने फोन आईंच्या हातात दिला.

आत्ता बाहेरच्या खोलीतून ऐकू येतंय.

“व्याहीबुवा, तुमच्या मुलाला लहानपणी कुणी फटके दिलेच नाहीत का हो?”

“राहून गेलं, विहीणबाई. पण अजून वेळ गेलेली नाही.”

म्हणजे अबोला सुटला! नवरा मागच्या दाराने बुकिंग बदलायला निघाला आहे. दोघं शांत झाले की गॅलरीत लाल टॉवेल वाळत घाल. तो कोपऱ्यावरून बघत असेल.