इग्वानाची अंडी

ला पिमिएंता,
शुक्रवार, १४ मार्च १९९७

प्रिय निदिया,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तू आणि तुझी मुलगी खुशाल असाल असं धरून चालते. तिचं नाव मला ठाऊक नाही. आपल्या गावची एल्बा परवा तुझ्या तिकडून, राजधानीहून आली तेव्हा विचारायचं मनात होतं, पण धीर झाला नाही. पत्ता मात्र तिच्याकडून मागून घेतला. तेवीस वर्षांनी हिला आज कुठून सुचलं, असं तू म्हणशील. फाडून टाकणार असलीस तर टाक, पण सगळं वाचून मग टाक.

इकडचं सांगते. नदीला पाणी कमी आहे, वाळूचे पट्टे उघडे पडलेत. गेल्या वर्षी गावात वीज आली. तेव्हापासून संध्याकाळी दिव्याभोवती पालींची जत्रा भरते. एवारिस्तो आरामखुर्चीत पडून त्या मोजतो आणि मला आकडा सांगतो, जसं काही मी त्या विकायला नेणार आहे. त्याची कंबर धरलेली असते, समुद्रावर जाणं सुटलं, मग दुसरं करणार काय! चॅपलला नवे पत्रे घातले. आता पाऊस लागला की पाद्र्याचं प्रवचन ऐकू येत नाही, त्यामुळे पावसात गर्दी जास्त असते.

माझा इसाइयास तेवीसचा होईल. तू त्याला पाहिलेलं नाहीस. कोकोची बाग आता तोच बघतो. दोन वर्षांपूर्वी लग्न केलं. बायको मारित्सा, वरच्या गावची. तोंडाची फटकळ आहे, पण कामाला वाघ. तिला सातवा महिना चालू आहे. इसाइयास मध्यंतरी जरा आजारी होता, आता बरा आहे.

उपासाचे शुक्रवार सुरू आहेत, इतर मांस बंद. घरोघरी इग्वाना सरड्याचं सूप शिजतंय. आमच्याकडे ते शिजत नाही. मी त्या वर्षापासून इग्वाना खाल्लेला नाही, अंडी तर नाहीच. एवारिस्तो आधी कुरकुरायचा, मग सवय झाली.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. भांडी घासली, कोंबड्यांना दाणे टाकले. आता पुन्हा बसले आहे. इसाइयास जरा आजारी होता हे मी खोटं लिहिलं. त्याला मखमली साप चावला.

तीन आठवडे झाले. बागेत गवत कापत होता, सकाळचे नऊ वाजले असतील. साप पाचोळ्यात होता. बुटाच्या वर, पोटरीला धरलं. पोरगा आपल्या पायांनी घरापर्यंत आला आणि म्हणाला, "आई, घाबरू नको, पण मखमली होता." मी जागच्या जागी खांबासारखी उभी. मारित्साने मात्र त्याला खाली बसवलं आणि शेजाऱ्याला बोट काढायला पिटाळलं. तोवर चार बायका जमल्या. त्यांनी तिला मागे ओढलं. "तू आत जा गं, तू पोटुशी, तू बघू नको त्याच्याकडे, तुझी नजर पडली तर विष चढेल!"

मारित्सा म्हणाली, "माझ्या नवऱ्याकडे मी बघायचं नाही, तर काय तुम्ही बघणार? व्हा बाजूला."

आणि ती पोट सांभाळत बोटीत चढली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मीही चढले. दीड तास मी समोर बसून नुसती तिच्याकडे बघत होते. ती त्याच्या तोंडावरून नजर काढत नव्हती. त्याने डोळे मिटले की गालावर चापटी मारायची. "झोपायचं नाही हां. झोपलास तर पोराचं नाव मी तुझ्या आजेसासूचं ठेवीन." तो हसायचा. हिरड्यांतून रक्त येत होतं, तरी हसायचा. आपल्याकडच्या समजुतीप्रमाणे तो नदीच्या वळणावरच मरायला हवा होता, निदिया. तो मेला नाही. आठ दिवसांनी घरी आला. दोन महिने लंगडेल, एवढंच.

दवाखान्यात औषध चढवून झाल्यावर मी नर्सला बाजूला घेतलं. म्हटलं, "सिस्टर, एक विचारू? पोटुशी बाई सारखी बघत होती, तरी हा वाचला कसा?" ती तरुण पोर आहे, हसली नाही. म्हणाली, "बाई, बघण्याने काही होत नाही. दहा कुप्या औषध लागलं. तुम्ही दोन तासांत आणलंत म्हणून वाचला. उद्या आणलं असतंत तर मी काहीच करू शकले नसते." मी तिला विचारलं, आणि साप चावलेल्याने पाणी ओलांडलं तर विष चढतं म्हणतात, ते? ती म्हणाली, "पाणी ओलांडलं म्हणून तर इथे पोचलात ना?"



आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तुला वाटतं त्या दिवशी काय घडलं ते तुला माहीत आहे. तुला निम्मंही माहीत नाही.

त्या फेब्रुवारीत बाबा वाळूच्या पट्ट्यावर अंडी उकरायला गेले ते माझ्यासाठी. मलाच इग्वानाची अंडी खावीशी वाटत होती. सारखी, वेड्यासारखी, मिठाच्या पाण्यात उकडलेली. मी बाबांच्या मागेच लागले होते. ते म्हणाले, "काय गं ओती, डोहाळे लागले की काय?" मी म्हटलं, "छे, काहीतरीच." पण होते ते डोहाळेच. दोन महिने झाले होते. आधीची दोन पोटं पडलेली, म्हणून तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. नवऱ्याला, एवारिस्तोलासुद्धा सांगितलं नव्हतं, तो तेव्हा समुद्रावर होता. बाबांनी बिळात हात घातला. आत अंडी होती आणि अंड्यांवर साप होता. मनगटाला चावला. तरी त्यांनी उरलेल्या हाताने सहा अंडी टोपीत घालून आणली होती. "घे गं, महाग पडली तुझी अंडी," असं म्हणत ओट्यावर बसले.

मी कासिमिरोला बोलावलं. तेव्हा विष उतरवायला सगळे त्यालाच बोलवायचे, तुलाही माहीत आहे. त्याने दंडाला दोरी आवळली, तंबाखू आणि पाला वाटून बांधला, उसाच्या दारूत काहीतरी कडू उगाळून पाजलं. मग दारात उभा राहून म्हणाला, "तीन दिवस याने पाणी ओलांडायचं नाही, आणि पोटुशीची नजर पडता कामा नये. घरात कुणी पोटुशी आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? घाबरले. हो म्हटलं असतं तर आधीच नजर लागली असं ठरलं असतं, कारण बाबा चावल्या हाताने पहिले माझ्यासमोर आले होते. मग मी बाबांच्या उशाशी बसले आणि त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवून भिंतीकडे बघत राहिले. पण कपाळावर फडकं ठेवायचं तर बघावं लागतंच.

आणि दुपारी बोट आली, निदिया.

तू पाठवलेली बोट आली होती. बोटवाला तोरिबियो बाराच्या सुमारास धक्क्याला लागला. सकाळीच निरोप घेऊन वल्ह्याच्या होडीने गेलेल्या माणसाने नदीच्या मुखापाशी, तू कामाला होतीस त्या लाकूड-गिरणीच्या खानावळीत तुला गाठलं, तू तोरिबियोला इकडे पिटाळलंस आणि स्वतः दवाखान्यात औषध काढून ठेवायला धावलीस, हे सगळं त्यानेच मला सांगितलं. भर दुपारी धक्क्यावर दुसरं कुणी नव्हतं, आणि त्याने इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं. म्हणाला, "चल ओतिलिया, उचल म्हाताऱ्याला, निदिया तिकडे धक्क्यावर उभी आहे." तो त्या दिवशी प्यायलेला नव्हता. एक थेंबही नाही.

मी त्याला म्हटलं, नको. बाबांना उतार पडलाय, तू जा. एक नियम मी मोडून बसले होते, दुसरा मोडायची माझी छाती झाली नाही. आता पाणी ओलांडलं तर बाबा नक्की जातील आणि ते माझ्यामुळे जातील, असं मला वाटलं. त्याने दोनदा विचारलं. मी रागावले, तेव्हा उतार पडलाय हे खरं मानून तो तुझ्याकडे न परतता तसाच वरच्या गावी गेला.

आत आले तर बाबांनी इंजिनाचा आवाज ऐकला होता. म्हणाले, "बोट आली का गं?"

मी म्हटलं, "नाही बाबा. कुणी दुसरंच गेलं."

ते "बरं" म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी आणखी तीन वेळा विचारलं. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं.

त्या वेळी कासिमिरोला मी खरं सांगितलं असतं तर त्याने मला घराबाहेर काढलं असतं. मग बोट आली तेव्हा दारात मी नसते. शेजारच्या कुणी बाबांना उचलून बोटीत घातलं असतं. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. नर्सशी बोलून परत येताना, बोटीत सुचलं.

पुढचं तुला माहीत आहे. तू दिवसभर तिथे धक्क्यावर वाट बघितलीस आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मिळेल ती बोट धरून आलीस. तुझा झगा घट्ट झाला होता. चार महिने लपत नाहीत. तू कुणाचं ऐकलं नाहीस, सरळ आत शिरून बाबांच्या अंगावर पडलीस. दुपारी दोनला बाबा गेले. कासिमिरोने सगळ्यांसमोर तुझ्या पोटाकडे बोट दाखवलं. त्याला तर आयतंच सापडलं, त्याचा पाला खोटा ठरायचा राहिला. आणि सगळ्यांच्या आधी मी ओरडले, "तूच मारलंस त्यांना!" तू विचारलंस, "आणि बोट? मी बोट पाठवली होती." मी म्हटलं, "कसली बोट? पिऊन पडला असेल कुठेतरी तो तोरिबियो."

माझ्या पोटात तेव्हा इसाइयास होता. तुझ्यासमोर उभी राहून मी हे बोलले. तुला अंत्ययात्रेत येऊ दिलं नाही, नऊ दिवसांच्या प्रार्थनेला दाराशीही उभं राहू दिलं नाही. तू पिशवी घेऊन निघालीस तेव्हा मी खिडकीत होते. पोटात बाळ धरून राहिलं, याचा मला त्या दिवसांत आनंद झाला होता. हेही लिहून टाकते.

इतकी वर्षं मी समजत होते की आपल्या दोघींपैकी एकीच्या नजरेने बाबा गेले, आणि ती बहुतेक माझी. मग मी मनाशी म्हणायचे की डोळ्यांवर कुणाचा ताबा असतो, ते मुद्दाम थोडंच केलं. आता तो आधारही राहिला नाही. नजरेने कुणीच गेलं नाही. मी बोट परत पाठवली म्हणून गेले.

तोरिबियोला त्यानंतर गावाने वाळीत टाकल्यासारखंच केलं. आजारी माणूस त्याच्या बोटीत कुणी घातला नाही. एकदा तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, "ओतिलिया, तू तरी सांग त्यांना, मी आलो होतो." मी दार लावून घेतलं. चार वर्षांपूर्वी तो वारला. मंगळवारी मी त्याच्या बायकोकडे जाऊन सगळं सांगितलं. ती कसावा सोलत होती, सोलतच राहिली. हातातला कंद सोलून झाल्यावर म्हणाली, "मरताना हेच सांगत होता. मलाही खरं वाटलं नाही." मग मला म्हणाली, आता जा. रविवारी चॅपलमध्ये प्रार्थना संपली की उभी राहून सगळ्यांना सांगणार आहे. एवारिस्तोला सांगितलं. तेव्हापासून दोन दिवस त्याने मला पालींचा आकडा सांगितलेला नाही. इसाइयासला अजून सांगायचं आहे. तो ज्या डोहाळ्यांचा, ते कुणाला भोवले हे पोटच्या पोराला कसं सांगायचं ते कळत नाही.

तुला लिहायचं मी कदाचित आणखी लांबवलं असतं. पण परवा एल्बा सहज बोलून गेली. ती म्हणाली, तू तिकडे मोठ्या हॉस्पिटलात फरशी पुसतेस, आणि वॉर्डात शिरलीस की मान वर करत नाहीस. रोगी हाक मारतात तरी तू त्यांच्या पायांकडेच बघतेस. ती म्हणाली, तुझ्या मुलीचं अपेंडिक्स काढलं तेव्हा तीन दिवस तू तिच्या खोलीबाहेर भिंतीकडे तोंड करून उभी होतीस. ती आतून "आई, आई" करत होती आणि तू आत गेली नाहीस. एल्बा हे गंमत म्हणून सांगत होती, तुझ्या विक्षिप्तपणाची. मी तेव्हाच तिच्याकडून तुझा पत्ता मागून घेतला.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही, आणि तू दिलीस तरी ठेवू कुठे? आलीस तर घर तुझं आहे, नाही आलीस तरी माझी तक्रार नाही. एकच सांगायचं आहे. तू आत आलीस त्या सकाळी बाबा आदल्या संध्याकाळपासून डोळे उघडत नव्हते. मी हाका मारल्या, कासिमिरोने मारल्या, उघडले नाहीत. तू वाकून बघितलंस तेव्हा त्यांनी डोळे उघडले. तुला ओळखलं. हसले. ते मी पाहिलं आणि आजवर कुणाला सांगितलं नाही.

तुझ्या नजरेत काही वाईट नाही, निदू. कधीच नव्हतं. हे पत्र खाली ठेव आणि तुझ्या लेकीच्या तोंडाकडे नीट बघ.

बोट आली असताना नाही म्हणालेली,
ओतिलिया