आत्याबाईंच्या म्हाळाचं पान

आत्याबाई, या पंधरवड्यात घरात आलं ते असं: केळ्याच्या खोक्यातून एक पांढरं कुत्रं, मागचे दोन्ही पाय प्लास्टरात, कणी तांदूळ पाच किलो, दोनशे रुपये, जखमेचं मलम, एकशे ऐंशी, आणि अंडी. माळकरी घरात अंडी कुणी आणली ते विचारू नका, वहीत मी 'किरकोळ' लिहिलंय. खोकं तेवढं फुकट आलं.

हा सगळा ताप तुमच्या नातीचा. ती सांगलीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी चार पोरं-पोरी मिळून रस्त्यावरची जखमी कुत्री उचलतात. उचलायची त्यांनी आणि सांभाळायची इथं इस्लामपुरात मी. फॉस्टर म्हणतात त्याला. "आई, चार दिवस फक्त. बरं झालं की चांगलं घर बघून देतो." आजवर एकालाही घर बघायची वेळ आली नाही, कारण बरं कुणी झालंच नाही. पहिली तांबडी कुत्री, उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेली. पोत्यावर पडून दाराकडे बघत राहायची, जसं काही कुणी न्यायला येणार होतं. मग दोन पिल्लं आली, हगवणीनं दोन्ही गेली. मागं राहिलेलं पिल्लू पहिल्याच्या रिकाम्या जागेवर जाऊन झोपलं ते उठलंच नाही. मग आटपाडीकडचा तो आंधळा म्हातारा. देवघरात घंटा वाजली की कान टवकारायचा आणि आरती संपेपर्यंत मान खाली टेकायचा नाही. आपल्या घरातली माणसं आरतीला एवढी स्थिर कधी उभी राहिली, सांगा.

प्रत्येकाची तऱ्हा सारखीच. आधी ताटलीकडे पाठ फिरवायची, मग पाण्याकडे, मग आमच्याकडे. जायचंच होतं तर माझा भात शिजवून व्हायच्या आधी जायचं, पण नाही. मी कुणाला नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की मागाहून तोंडात येत राहतं. म्हातारा गेला तेव्हा मात्र त्याच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं. तुळस तुम्ही लावलेली आहे, म्हणून सांगितलं. तुमचे चिरंजीव शेवग्याखाली खड्डा काढता काढता म्हणाले, "आता त्येचं दहावं बी घालतीस का?" आणि न सांगता आत जाऊन खड्ड्यात घालायला खडेमीठ घेऊन आले.

तुमचं शिक्षण मी विसरलेले नाही. नवी नवरी होते, दार उघडं राहिलं आणि गल्लीतलं कुत्रं स्वयंपाकघरात येऊन हंड्याला शिवलं. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी, तरी तुम्ही भरलेला हंडा ओतायला लावलात. राखेनं सगळं घासून होईपर्यंत मला कुणी चहासुद्धा विचारला नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या भाकरीचा चतकोर मोडून तुम्हीच त्याच कुत्र्याला हाक मारताय. मी बघत राहिले तर म्हणता, "द्यायचं, पर उंबऱ्याभाईर." हेच आदल्या दिवशी सांगितलं असतं तर माझे हात सोलले नसते.

आता मुद्द्याचं. परवा तुमचा म्हाळ झाला. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी, आणि तुमच्यासाठी वेगळी लसणीची चटणी. कावळ्याचं पान पूर्वी छपरावर ठेवायचो, पण वर सोलरच्या पाट्या बसल्यापासून तिथं कावळा उतरत नाही, म्हणून परड्यातल्या धुण्याच्या दगडावर ठेवलं. कावळा आला. शेवग्यावर बसला. आणि बसूनच राहिला. आत पंगत खोळंबलेली. वन्सं मेढ्याहून पहिल्या गाडीनं आलेल्या, चेहरा उतरलेला. "आई रुसलीया. काय तरी कबूल करा की वैनी."

मी हात जोडून म्हटलं, देव्हाऱ्याला पॉलिश करून घेते. कावळा हलला नाही. आतून तुमचे चिरंजीव ओरडले, "माझी साखरेची गोळी घेऊन झालीया, आवरा लवकर!" वन्सं म्हणाल्या, "कुत्र्याचं बोला. त्येच खुपतंय तिला." मी म्हटलं, बरं, घास घ्या, कुत्रं उद्या पाठवते. तरी तुम्ही ढिम्म. जिवंतपणी असंच करायचात, विचारावं तर बोलायचं नाही आणि न विचारावं तर दिवसभर भांडी आपटायची.

वन्सं पंख्याखाली बसायला आत गेल्या, मी मांजरं हाकलायला काठी घेऊन उभी. तेवढ्यात हे खोक्यातलं पांढरं ध्यान पुढच्या दोन पायांवर घसटत घसटत दगडाशी आलं. आल्यापासून त्यानं घास घेतला नव्हता. आदल्या दिवशी पाण्याकडेही पाठ केली होती, त्यामुळं पुढचं काय ते मला ठाऊक होतं. मीठ किती शिल्लक आहे तेही सकाळी बघून ठेवलं होतं. त्यानं दगडावर मान टेकली आणि खिरीत तोंड घातलं. मग वडा खाल्ला. मग भोपळा. शेवटी पान चाटलं. फक्त तुमची चटणी ठेवली. शेवग्यावरचा कावळा सगळं बघत होता, एकदासुद्धा ओरडला नाही.

वन्सं बाहेर आल्या. "आवं वैनी! माझ्या आईच्या पानाला कुत्रं!" खरंच रडल्या हो, मला वाईट वाटलं. आता त्यांचं म्हणणं, सर्वपित्रीला पान पुन्हा वाढायचं आणि त्याआधी कुत्रं घरातून गेलं पाहिजे, वहिनींनी शब्द दिलाय. माझं म्हणणं, कावळ्यानं घास घेतला तर, असा शब्द होता. यांना विचारलं तर म्हणतात, "आईलाच इचार. तुमचं दोघींचं मला कवा कळलंय?" नातीला फोन केला तर ती आनंदानं किंचाळली, "आई, जेवला?" तिला म्हाळाचं काही नाही.

म्हणून विचारते. पान तुम्हाला पोचलं की नाही? दगड उंबऱ्याबाहेर आहे, हे ध्यानात घ्या. तेव्हापासून ते भात खातंय, ताटली चाटत चाटत न्हाणीपर्यंत ढकलत नेतं, दुपारची झोप नाही मला. आणि वन्संना सांगितलेलं नाही ते तुम्हाला सांगते: काठी माझ्या हातातच होती. एवढी जवळ होते की नुसतं हड् म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

पाकिटाला तिकीट लावत नाही, पाच रुपये कुठल्या पत्त्यावर घालवू, पोथीत ठेवते. सर्वपित्रीच्या आत उलट टपाली कळवा. उत्तर आलं नाही तर होकार धरीन. नाही म्हणायला तुम्ही कधी उशीर केला नाहीत.